उरलेलं तिसऱ्याला

सिडको एन-सहा, छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

बाई,

नमस्कार. मी अंगद. २००८ च्या अकरावीच्या बॅचचा, अजिंठ्याकडून आलेला. आता सगळे तुम्हाला मॅडम म्हणत असतील. माझ्या तोंडात गावच्या शाळेपासून बाईच बसलंय, ते राहू द्या.

फोन तुम्ही उचलत नाही, त्याला सात वर्षं झाली. म्हणून ही मेल. लई विचार करून लिहितोय, तेव्हा पुरती वाचा, मग पाहिजे तर पुसून टाका.

एका शैक्षणिक न्यासाची माणसं मला भेटली. त्यांच्या आपल्याकडं दोनशे दहा शाळा आहेत. पोरांना मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवायचं आहे, आणि त्यासाठी तुमची तिफण भाषा त्यांना पसंत आहे. अडचण एवढीच, की भाषा एक असली तरी ती संगणकावर चालवणाऱ्या यंत्रणा दोन आहेत. एक तुमची मूळची, तिफणच. दुसरी माझी पाभर. मोठ्या संगणकावर तुमची चांगली चालते, जुन्या मोबाइलवर माझी. शाळांत दोन्ही आहेत. न्यासवाले म्हणतात, एकच प्रोग्रॅम दोन्हींवर टाकला तर उत्तर एकच आलं पाहिजे, नाहीतर आम्हाला दोन्ही नको. आज साठ-सत्तर ठिकाणी उत्तरं वेगळी येतात, तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून विनंती. दोघं मिळून कसोट्या लिहू. प्रत्येक कसोटी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम आणि त्याचं बरोबर उत्तर. दोन्ही यंत्रणांनी सगळ्या पास करायच्या. सप्टेंबर अखेर न्यास पुस्तिका छापणार. पहिल्या पानावर भाषेच्या कर्त्याचं नाव येणार, ते तुमचं. त्यात मला वाटा नको.

भांडण आपलं आहे, पोरांचं नाही. बघा.

तुमचा,
अंगद

छावणी
१४ जून

अंगद,

सात वर्षांनी आठवण झाली. बरं वाटलं, असं लिहिणार होते. पण खोटं लिहायची सवय नाही.

तुझ्या पाभरच्या पानावर एक वाक्य आहे: ‘पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहिलेली.’ ते मी महिन्यातून एकदा वाचते, कडू काढा प्यावा तसं. आपल्या परवान्याची अट एकच आहे. फुकट घ्या, बदला, वाटा, पण ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुसू नका. तू म्हणतोस तू माझं काही घेतलंच नाहीस, म्हणून माझं नाव लावायचा प्रश्न येत नाही. मी कधी सिद्ध करू शकले नाही, म्हणून गप्प बसले. विश्वास ठेवला म्हणून नाही.

आता कामाचं. तीस सप्टेंबरला मला निवृत्त करतायत. मूलबाळ नाही. पैठणची जमीन भावाच्या ताब्यात आहे आणि तो ती सोडणार नाही. अठ्ठावन्न वर्षांत माझ्या नावावर या जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे तिफण. त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर माझं नाव येणार असेल, तर मी सैतानाबरोबरही काम करीन. तू सैतान नाहीस. तेवढी तुझी पोच नाही.

अटी लिहून घे. वाद झाला तर मी २००९ साली लिहिलेली नियमावली खरी. नियमावली गप्प असेल तर माझा शब्द खरा. सगळं सामाईक चर्चापानावर, उघड. आणि फोन करायचा नाही.

नळाला आज नवव्या दिवशी पाणी आलंय. थांबते.

सत्यशीला

सिडको एन-सहा
२ जुलै

बाई,

अटी मान्य. सैतानाचं वाचून हसलो. तुमचा हात तसाच आहे, छडी न उचलता वळ उठवणारा.

चारशे बारा कसोट्या पाठवल्या आहेत. आमच्याकडं बारा जण हौसेनं काम करतात, त्यातल्या सायलीनं अर्ध्या लिहिल्या. लई हुशार पोरगी. तिला तुमच्याबद्दल कुतूहल आहे. म्हणाली, एकट्या बाईनं सोळा वर्षं भाषा सांभाळली म्हणजे काय खायचं काम आहे का?

दोन्हींवर चालवून बघितल्या. एकसष्ट ठिकाणी उत्तरं वेगळी. त्यात बत्तीस ठिकाणी चूक आमची, एकोणतीस ठिकाणी तुमची, असं नियमावली धरून दिसतंय. रागावू नका, तपासून बघा. शिव्या द्यायच्या तर त्याही चर्चापानावर द्या, उघड.

अंगद

छावणी
२० जुलै

अंगद,

तुझ्या दोनशे सहाव्या कसोटीनं माझी अब्रू घेतली. ऋण संख्येची बाकी सोळा वर्षं तिफण चुकीची देत होती आणि एकाही शहाण्यानं मला सांगितलं नव्हतं! दोन दिवस कॉलेजात कुणाशी धड बोलले नाही. मग दुरुस्त केलं. तुझी पाभर मात्र एकोणतीस फेब्रुवारीला तोंडावर आपटली, ते बघून माझं जेवण गोड झालं.

एकसष्टातले बावन्न मिटले. खरं सांगू? या महिन्यात मला बरं वाटलं. सकाळी उठून कुणीतरी आपली चूक काढलेली बघायची, आणि संध्याकाळपर्यंत त्याची काढायची. स्टाफरूममध्ये पस्तीस वर्षं पेन्शन आणि साड्या ऐकल्या. हे बोलणं ऐकायला माणूस नव्हतं. सायलीला सांग, तिची कसोट्यांची मांडणी स्वच्छ आहे. फार स्तुती करू नकोस, बिघडेल.

एक विचारायचं आहे. प्रत्येक आज्ञेच्या कसोट्या पुऱ्या आहेत, फक्त ‘वाटप’च्या अर्धवट. वस्तू किती आणि नावं कुठली ते सांगितलं, की सारखे वाटे करून देणारी ती आज्ञा. शाळेत पोरं पहिल्यांदा तीच शिकतात. पूर्ण भाग गेला तर कसोट्या आहेत, पण काही उरलं तर काय, याची एकही नाही. चारशे बारांत एकही नाही! सायली असं विसरणारी वाटत नाही. तू काढायला लावल्यास का?

सत्यशीला

सिडको एन-सहा
२३ जुलै

बाई,

व्हय, मीच काढायला लावल्या. ‘वाटप’चं राहू द्या. पोरं सहसा पूर्ण भागच घालतात, न्यासवालेही ते तपासणार नाहीत. तो विषय पुस्तिका छापून झाल्यावर आपण दोघं बसून बोलू. आत्ता चर्चापानावर नको. एवढं माझं ऐका.

बाकीचे नऊ या आठवड्यात मिटवतो.

अंगद

छावणी
११ ऑगस्ट

अंगद,

तुझं ऐकलं नाही. काल दुपारी मी चर्चापानावर लिहिलं. तू आज वाचलं असशीलच, तरी तुझ्या तोंडावर सांगायची माझी रीत आहे.

सतरा लाडू, पाच नावं. नियमावली सांगते, प्रत्येकाला तीन आणि उरलेले दोन हातात ठेवायचे. तिफणवर चालवलं. तीन, तीन, पाच, तीन, तीन. उरलेलं तिसऱ्याला! मी कपाळावर हात मारला. मोजणी शून्यापासून की एकापासून, या घोळात माझ्याच हातून सुरुवातीला राहून गेलेली ही चूक. आपली चूक माणूस बरोबर ओळखतो.

मग पाभरवर चालवलं. तीन, तीन, पाच, तीन, तीन.

मी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत. बरोबर उत्तर दोघांचं जुळलं तर त्यात नवल नाही. चुकीचं उत्तर जुळलं, तर एकानं दुसऱ्याची वही बघितलेली असते. उरलेलं पहिल्याला द्यावं, शेवटच्याला द्यावं, हे कुणालाही सुचेल. तिसऱ्याला कोण देतं रे? ‘पहिल्या ओळीपासून नव्यानं’ लिहिणाऱ्याला नेमकी माझीच वेडी चूक कशी सुचली? आणि तुला ते माहीत होतं. म्हणून तर कसोट्या काढल्यास.

तुझी जूनची मेल आली तेव्हाच मी ठरवलं होतं, की तुझ्याबरोबर काम करायचं ते तुझ्या घरात शिरण्यासाठी. इतकी वर्षं बाहेरून दगड मारून काही हाती लागलं नाही. आत घेतलंस, दिवा तूच धरलास. त्याबद्दल आभारी आहे. मधल्या महिन्यात मला जरा बरं वाटायला लागलं होतं, ते खरं होतं. पण ते महत्त्वाचं नाही.

मेंढरांमागून आलेल्या पोराला मी संगणकासमोर बसवलं. फी भरली नव्हतीस तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली दिली. त्याचं हे फळ. न्यासाला कळवलं आहे. पाभरचं काय करायचं ते ते ठरवतील.

सत्यशीला

सिडको एन-सहा
१९ ऑगस्ट

बाई,

बारा जणांतले आठ गेले. सायली शेवटी गेली. तिनं एवढंच विचारलं, हे खरं आहे का? मी सरळ उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, मग मी समजले. न्यासानं पाभर काढून टाकली. जुन्या मोबाइलवाल्या शाळांचं काय, तर त्या शाळा यादीतूनच गेल्या. शहाण्णव शाळा.

पेपरात छोटी बातमी आली, ‘विद्यार्थ्याने चोरली शिक्षिकेची भाषा’. गावात कुणीतरी मोबाइलवर सगळ्यांना पाठवली. वडलांना वाचता येत नाही. चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवली म्हणे.

मी चोरी केली नाही. मला दहा मिनिटं द्या. तुमच्या दारात उभा राहून सांगतो, घरात येत नाही. हे लिहून देण्यासारखं नाही. लिहिलं की ते कुणाच्याही हाती लागतं, आणि त्यात नुकसान तुमचं आहे.

अंगद

छावणी
३ सप्टेंबर

अंगद,

‘नुकसान तुमचं आहे.’ धमकी द्यायला चांगलं शिकलास. तुझी मेल मी दोन जणांना दाखवली. दोघं म्हणाले, जपून राहा.

आणि स्वतः येववेना म्हणून बापाला पाठवलंस?

सोमवारी माझ्याकडे गौरी जेवायच्या होत्या. घरात वीस माणसं, पुरणाचा घाट, मी सोवळ्यात. फाटकाशी एक म्हातारा उभा. पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात एसटीचं तिकीट अजून धरलेलं. म्हणाला, मी अंगदचा बाप, कारभारी. औरंगाबादेत बाईंचं घर विचारत विचारत आलो.

मी म्हटलं, बोला.

म्हणाला, ‘बाई, पोरानं तुमचं काय घेतलं आसंल ते सांगा, मी भरून देतो. रोकड न्हाई माझ्याजवळ. दोन मेंढ्या देतो, गाभण हायेत.’

मी म्हटलं, भाषा चोरली त्यानं.

म्हणाला, ‘भाषा कशी चोरतेत, बाई?’

मला हसू आलं. आतल्या बायकाही हसल्या. मी सांगितलं, तुम्हाला कळायचं नाही, पण तुमचा मुलगा चोर आहे हे सगळ्या महाराष्ट्राला कळलंय. तेव्हा त्यानं घोंगडी पायरीवर ठेवली आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. माझ्यासमोर, शाळेतल्या पोरासारखे. सत्तर वर्षांचा माणूस. ‘त्याच्या वतीनं,’ म्हणाला.

मी त्याला आत बोलावलं नाही. जेवा म्हटलं नाही. आत बोलावलं असतं तर मला दया आली असती, आणि ती तुझ्या पथ्यावर पडली असती. तासभर उन्हात उभा होता. शेवटी शेजारच्या सुलेखानं त्याला पाणी दिलं आणि बसस्टँडच्या रिक्षात बसवलं. घोंगडी इथेच विसरला. माणूस पाठवून घेऊन जा, घरभर मेंढरांचा वास सुटलाय.

पुन्हा असली नाटकं नकोत.

सत्यशीला

सिडको एन-सहा
६ सप्टेंबर

बाई,

मी त्यांना पाठवलं नव्हतं. ते येऊन गेले हे मला तुमच्या पत्रातून कळलं. घरी फोन केला तर म्हणाले, बाई भल्या हायेत, रिक्षा करून दिली.

आता लिहितोच. जे दारात सांगायचं होतं ते.

माझे वडील चार भाऊ. थोरले, मधले, तिसरे माझे वडील, आणि धाकटे. १९९८ ला मेंढरांची वाटणी झाली. पंच्याहत्तर मेंढरं. चौघांना अठरा-अठरा, उरली तीन. आमच्या घरात रीत अशी, की आई ज्याच्याकडं राहील त्याला उरलेली. आजी आमच्याकडं राहायची. म्हणून अठरा, अठरा, एकवीस, अठरा. मी सात वर्षांचा होतो. ती तीन मेंढरं आमच्या वाड्यात आली तेव्हा आजी रडली होती, की माझ्यामुळं माझ्या पोराला कायतरी मिळालं.

अकरावीत तुम्ही म्हणालात, तिफणला वाटे करणारी एक आज्ञा पाहिजे, कोण लिहितंय? कुणी हात वर केला नाही. मी वहीत लिहून आणली. पडताळायला माझ्याजवळ आमचीच वाटणी होती. उत्तर पाठ होतं, ते येईपर्यंत लिहीत गेलो. आलं. म्हणून उरलेलं तिसऱ्याला. ती चूक माझी आहे, बाई. तुमची न्हाई.

तुम्ही ती वहीतून जशीच्या तशी तिफणमध्ये उतरवली. पुढच्या वर्षी प्रदर्शनात बक्षीस मिळालं, सगळ्यावर नाव तुमचं होतं. देवाशपथ सांगतो, मला वाईट वाटलं नव्हतं. बाईंच्या भाषेत आपली एक आज्ञा आहे, याचाच अभिमान वाटायचा. बाकी सगळी तिफण तुमचीच. मी कधी नाही म्हटलेलं नाही. पाभर लिहिताना मी तुमचं काही घेतलं नाही. माझी वही घेतली. तिसऱ्याचं तसंच ठेवलं, कारण वडलांचं म्हणून जगात तेवढंच कुठंतरी लिहिलेलं आहे.

कसोट्या काढल्या त्या यासाठी, की त्या चर्चापानावर गेल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं, तिसऱ्याला का? मला खोटं बोलावं लागलं असतं, किंवा पुस्तिकेच्या तोंडावर तुमचं नाव डागाळलं असतं. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल आणि तुम्हीही गप्प राहाल.

वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. तारीख आहे, ११ डिसेंबर २००८. खाली लाल शाईत तुमचं अक्षर: ‘तिसऱ्याला का? कारण लिही.’ त्याखाली माझं: ‘आजी तिसऱ्याकडे राहते.’ आणि त्यावर तुमची बरोबरची खूण, तुमची सही.

हे मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. सायलीलासुद्धा नाही. तुम्ही चर्चापानावर दोन ओळी लिहा, एवढंच. ‘अंगदनं चोरी केलेली नाही.’ का, कसं, काही लिहू नका. पुस्तिकेवर नाव तुमचंच राहू दे. मला वडलांना चावडीवर नेऊन तेवढं वाचून दाखवायचं आहे.

अंगद

छावणी
२२ सप्टेंबर

अंगद,

सोळा दिवस उत्तर दिलं नाही. दिलं नसतंच, पण तू वाट बघत बसशील आणि मग काहीतरी वेडेपणा करशील, म्हणून लिहिते.

अक्षर माझं आहे. शाई माझी आहे. मला आठवत नव्हतं. शून्य-एकच्या घोळात मीच चुकले होते, असं मला इतकं स्वच्छ आठवत होतं, की त्या दिवशीचा पंख्याचा आवाजसुद्धा आठवत होता. फोटो बघितला आणि आता तुझी वही आठवते. पुठ्ठा निळा होता. कोपऱ्यात दुधाचा डाग होता. तू बाकापाशी उभा होतास आणि मी म्हणाले होते, कारण चांगलं आहे. म्हणजे तू खरं बोलतोस. हे मी तुला लिहून देते, कारण माझा अजूनही तुझ्यावर विश्वास आहे.

पण मी त्या दोन ओळी लिहिणार नाही.

विचार कर. मी लिहिलं, की अंगदनं चोरी केलेली नाही. मग लोक विचारतील, तिसऱ्याला कसं आलं? मग वही. मग सोळा वर्षं दुसऱ्याच्या पोराचं काम आपल्या नावावर ठेवणारी, वर त्यालाच चोर म्हणणारी बाई कोण, तर सत्यशीला. आठ दिवसांवर सेवापूर्ती आहे. पुस्तिका छापून आली आहे. पहिल्या पानावर माझं नाव आहे. मी ती उशाशी घेऊन झोपते. हसायचं तर हास. तुझ्यापुढे चाळीस वर्षं आहेत, तू आणखी दहा पाभरी लिहिशील. माझ्यापुढे हेच एक पान आहे, आणि मी ते तुला फाडू देणार नाही. तुझ्या वडलांचं वाईट वाटतं. पण चावडीवरची माणसं चार महिन्यांत विसरतात. मी विसरायची नाही.

काल तिफणमधलं ‘वाटप’ दुरुस्त केलं. आता उरलेलं हातातच राहतं, तिसऱ्याला जात नाही. पाभरमध्ये तेवढा बदल तूही कर. म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच येईल. तुझी हीच इच्छा होती ना?

फोटो पुसून टाक. माझ्यासाठी एवढं कर.

आणि तीस तारखेला ये. कॉलेजच्या सभागृहात. जुना विद्यार्थी म्हणून माझ्याबद्दल दोन शब्द बोल. बाईंनी मला मोठ्या मनानं माफ केलं, असं म्हणालास तर तुझीही बाजू सावरेल, न्यासवालेही समोर असतील. मी तुझ्या पाठीवर हात ठेवीन. वडलांना मात्र आणू नकोस, जागा कमी आहे.

सत्यशीला

सिडको एन-सहा
२३ सप्टेंबर

बाई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर तुमचं आहे असं तुम्ही लिहून दिलंत, त्याची एक प्रत काढून ठेवली.

‘वाटप’ बदललंत ते परवापासून सगळ्यांना दिसतंय. आपलं काम उघड आहे, बाई. कोणी, कोणत्या तारखेला, काय पुसलं, ते तिफणच्या नोंदींत कायमचं राहतं. तुम्ही बदलापुढं ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिलंय. सोळा वर्षांची चूक, जिच्यावरून माणसाला चोर ठरवलं, ती किरकोळ कशी, असं सायलीनं चर्चापानावर विचारलंय. मी तिला अजून काही बोललेलो नाही.

पाभरमध्ये मी बदल करणार नाही. तिथं उरलेलं तिसऱ्यालाच जाईल.

तीस तारखेला येतो. वडलांना घेऊनच येतो. जागेची काळजी करू नका, ते उभे राहतील. दोन शब्द मी बोलणार नाही, ते बोलतील. संगणकातलं त्यांना काही कळत नाही. कोणत्या भावाला किती मेंढरं आली आणि उरलेली तीन कुणाच्या वाड्यात गेली, एवढंच सांगणार आहेत. त्यांचं सांगून झालं की मी वहीचं पान दाखवीन. सभागृहात पडदा आहे का, तेवढं बघून ठेवा.

अंगद कारभारी